काय सोडले, काय धरले?

२०२५ साली धुळवड शुक्रवारी आली. १४ मार्च. नागपुरात धुळवडीच्या सकाळी मटणाच्या दुकानांपुढे ज्या रांगा लागतात त्या पाहून, या सणाचे खरे दैवत कोणते, असा प्रश्न बाहेरगावच्या पाहुण्याला पडावा. दुपारी रंग धुऊन झाले की गल्लीगल्लीतून सावजी रश्श्याचा वास सुटतो. आमच्या शेजारच्या वहिनी कोष्टी समाजाच्या. त्यांच्या हातचा सावजी रस्सा ज्याने खाल्ला नाही त्याला नागपूर कळले नाही, असे माझे मत आहे. दरवर्षीप्रमाणे त्या दुपारी कडीचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, नाही म्हणू नका जी. गरमच आहे."

मी मात्र नेमके तेच म्हटले. "वहिनी, आमचे उपास सुरू आहेत. त्यातून आज शुक्रवार."

वहिनींचा चेहरा पडला. मग त्यांनी विचारले, "तुमच्यातही उपास असतात?"

तीस वर्षांचा आमचा शेजार. नाताळचा केक, करंज्या, चकल्या त्यांच्याकडे जातात. त्यांची चिवड्याची ताटली, अनरसे आमच्याकडे येतात. आमच्या नातेवाइकांची लग्ने त्यांना ठाऊक, त्यांच्या घरचे श्राद्ध मला ठाऊक. आणि तरीही वर्षातले चाळीस दिवस आमच्या घरात काय चाललेले असते, याचा त्यांना पत्ता नव्हता. दोष त्यांचा नाही. आम्ही ख्रिस्ती माणसे जगाला आमचा डिसेंबर तेवढा दाखवतो. आमचा फाल्गुन-चैत्र आमच्या घरातच राहतो.

डब्याचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्यावरून घरात वादच झाला. माझे मत, डबा नम्रपणे परत करावा. माझी पत्नी वसईची, कॅथॉलिक. तिचे मत, डबा घ्यावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि रविवारी खावा, कारण रविवार उपवासात धरत नाहीत. आई आतल्या खोलीतून काठी टेकत आली. वय सत्त्याऐंशी. तिने वहिनींच्या हातून डबा घेतला, तिथेच झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, "आणणाऱ्याच्या हाताचा मान आधी. उपास काय, संध्याकाळी पुन्हा धरता येतो." तिने त्या दुपारी दोन घास खाल्ले. पत्नीने रविवारी खाल्ले. मी तत्त्वाला चिकटून राहिलो आणि साधे वरण-भात खाऊन दिवसभर स्वतःवर खूष होतो. ती खुषी किती पोकळ होती हे मला पुढच्या महिनाभरात कळले. ते शेवटी सांगतो. आधी वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर, जे मला त्या दिवशी दारात उभे राहून नीट देता आले नाही.

होय वहिनी, आमच्यातही उपास असतात. इंग्रजीत त्या काळाला लेंट म्हणतात. मराठी ख्रिस्ती लोक उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. दिवस मोजले तर सेहेचाळीस भरतात, पण त्यांतले सहा रविवार वजा करायचे, कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा छोटा सणच मानला जातो आणि सणाला उपास नसतो. उरले चाळीस. चाळीसच का? बायबलमध्ये हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात भटकले. मोशे चाळीस दिवस डोंगरावर होता. आणि येशूने आपले काम सुरू करण्याआधी चाळीस दिवस अरण्यात अन्नावाचून काढले. त्या अरण्यात सैतानाने त्याला तीन मोह घातले: धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी घेऊन दाखव, आणि मला नमन कर म्हणजे सगळी राज्ये तुझी. भूक, कीर्ती आणि सत्ता. दोन हजार वर्षांत या यादीत फारशी भर पडलेली नाही.

या चाळीस दिवसांचा उल्लेख इसवी सन ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या नियमांत सापडतो. ईस्टर सर्वांनी एकाच रविवारी पाळावा असा निर्णयही त्याच परिषदेचा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे इंग्रजी कॅलेंडरवर तारखा छापून येत असल्या तरी आमचा हा सण चंद्राच्याच हिशेबाने चालतो. २०२५ मध्ये हनुमान जयंती १२ एप्रिलला झाली आणि त्या पौर्णिमेनंतर ईस्टर २० एप्रिलला आला. त्या वर्षी पाश्चात्त्य आणि पौर्वात्य अशा दोन्ही परंपरांच्या चर्चेसचा ईस्टर एकाच दिवशी पडला, तोही निकेयाच्या परिषदेला १७०० वर्षे होत असताना.

लेंट हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या वसंत ऋतूच्या नावावरून आला. त्याच्या मुळाशी दिवस लांबत जाण्याचा अर्थ आहे. तिकडे या काळात बर्फ वितळते, झाडांना पालवी फुटते, आणि ईस्टरला फुले येतात. निसर्गच पुनरुत्थानाचे प्रवचन देतो. आमच्या नागपुरात सगळे उलटे. राखेच्या बुधवारी पळस फुललेला असतो, सकाळी अंगावर शाल घ्यावी लागते. आणि जसजसा उपवासकाळ पुढे सरकतो तसतशी जमीन तापत जाते, कूलरला वाळ्याच्या ताट्या लागतात, आणि शुभ शुक्रवारी दुपारी बारा ते तीनच्या उपासनेला चर्चमध्ये बसायचे म्हणजे अरण्य काय असते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मला तर वाटते, येशूच्या अरण्याला इंग्लंडच्या वसंतापेक्षा विदर्भाचा उन्हाळाच जवळचा आहे.

आता गंमत पाहा. ज्या स्कॉटिश मिशनमुळे नागपुरात मराठी प्रोटेस्टंट मंडळी उभी राहिली, त्या मिशनला हा उपवासकाळ मान्य नव्हता. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, या भागातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळचे शिलावर्तुळ पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. पुढे १८८३ साली निघालेले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. हिस्लॉप ज्या स्कॉटिश चर्चचे होते त्याला बायबलमध्ये स्पष्ट न सांगितलेले सणवार खपत नसत. लेंट तर सोडाच, खुद्द स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ पासून सुरू झाली! माझ्या आईची आजी या परंपरेत वाढलेली. तिला राखेचा बुधवार ठाऊक नव्हता. कपाळाला राख लावणारे ते 'रोमी' लोक, एवढेच तिला माहीत.

त्याच शहरात, त्याच सदर भागात, कॅथॉलिकांचे सेंट फ्रान्सिस द सेल्स कॅथीड्रल होते. तिथे मात्र राख होती, जांभळी वस्त्रे होती, चौदा स्थानांची क्रूसाची वाट होती. आणि अँग्लिकन लोकांचे ऑल सेंट्स कॅथीड्रल होते, तिथेही प्रार्थनापुस्तकाप्रमाणे उपवासकाळ पाळला जाई. एका हाकेच्या अंतरावर तीन प्रकारचे ख्रिस्ती, आणि त्यांतला एक उपास न करणारा. मग १९७० सालच्या २९ नोव्हेंबरला याच नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आले. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, सगळ्यांनी आपापली थोडी थोडी ओझी खाली ठेवली आणि एकमेकांची थोडी थोडी उचलली. आमच्या घरात उपवासकाळ आला तो त्यानंतर. आई तेव्हा तरुण शिक्षिका होती. ती सांगते, "आम्ही उपास शेजारच्यांचे पाहून शिकलो. पाद्रीसाहेबांनी फक्त त्याला नाव दिलं."

शेजारी म्हणजे हिंदू शेजारी. एकादशी, चतुर्थी, शिवरात्र, हरतालिका. उपास कसा धरावा, कसा सोडावा, आजाऱ्याने का करू नये, हे सगळे शहाणपण मराठी मातीत आधीपासून होतेच. मराठी ख्रिस्ती माणसाला ते कुठून आयात करावे लागले नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, आणि येशूचे दुःखसहन मराठीच्या छंदात बसवले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन आणि अभंग चर्चमध्ये आणले. टिळकांचे आणि नागपूरचे नातेही जुने. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला ते इथे होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी मात्र त्यानंतर पाच वर्षे घेतला नाही. त्या काळातल्या त्यांच्या मनातल्या उलथापालथी 'स्मृतिचित्रे'त आहेत. माझ्या दृष्टीने त्या पुस्तकातला सर्वांत मोठा उपवास कोणता? तो अन्नाचा नाही. अमक्याच्या हातचे पाणी चालते आणि तमक्याच्या हातचे चालत नाही, हा लहानपणापासून अंगात मुरलेला विचार त्यांनी एके दिवशी स्वतःच विचार करून टाकून दिला, तो. बाप्तिस्मा नंतर झाला, सोवळे आधी सुटले.

उपास म्हणजे काय सोडायचे, यावर आमच्यात एकमत कधीच नव्हते. पूर्वी युरोपात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असे. म्हणून उपवासाच्या आदल्या दिवशी घरातली अंडी-लोणी संपवायची पद्धत पडली आणि ईस्टरला अंड्याचे कौतुक सुरू झाले. गोव्यात राखेच्या बुधवारआधीचे चार दिवस इंत्रूज म्हणजे कार्निव्हल, खाण्यापिण्याला निरोप देण्याचा धिंगाणा. नंतर तेच गोवेकर चर्चमध्ये मोतेत गातात तेव्हा कालचे लोक ते हेच का, असे वाटते. माझ्या पत्नीच्या लहानपणी वसईकडे या काळात लग्नाचा मांडव पडत नसे आणि शुक्रवारी क्रूसाची वाट चुकवली तर आजी रात्री जेवायला वाढत नसे. आजचा कॅथॉलिक नियम सौम्य आहे. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो बदलला. अठरा ते एकोणसाठ वयाच्या निरोगी माणसाने राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी एकच पूर्ण जेवण घ्यावे, आणि चौदा वर्षांवरील सर्वांनी उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस टाळावे. मासे चालतात. केरळच्या सीरियन परंपरेतले आमचे नागपूरकर मित्र मात्र कडक. त्यांचा उपवास दोन दिवस आधी, सोमवारीच सुरू होतो, त्याला ते पन्नास दिवसांचा उपवास म्हणतात, आणि त्यात मांस-मासे-अंडी-दूध सगळ्यालाच रजा देणारेही आहेत.

मासे चालतात म्हटल्यावर काय होते ते सांगायला नको. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही फक्त साबुदाण्याच्या खिचडीसाठी नाही. शुक्रवारी मांस सोडून तळलेल्या सुरमईचे ताट समोर ओढणारा ख्रिस्ती आणि उपासाच्या दिवशी बटाट्याचा चिवडा, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी अशी पंगत मांडणारा हिंदू, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. मोमीनपुऱ्यात रमजानच्या रात्री जे खाद्यपदार्थांचे बाजार भरतात, त्यांच्याविषयी माझे मुसलमान मित्रही हेच हसत हसत सांगतात. माणूस नियमाला पळवाट काढतो यात नवल नाही. पण नियम पाळला एवढ्यावर जो समाधान मानतो, तो पळवाट काढणाऱ्यापेक्षा फार पुढे गेला, असे मला वाटत नाही.

आता उपासाला नवे सोबती मिळाले आहेत. एक म्हणजे वजन. "या लेंटमध्ये चार किलो उतरवले," असे कुणी सांगितले की मी अभिनंदन करतो, पण मनात म्हणतो, हा डाएट झाला, देवाला यात कशाला ओढले? दुसरा सोबती म्हणजे मोबाइल. राखेच्या बुधवारी कपाळावरच्या राखेचे फोटो दुपारपर्यंत सर्वांच्या स्टेटसवर झळकतात. आणि विसंगती अशी, की त्याच दिवशीच्या उपासनेत शुभवर्तमानातला जो भाग वाचतात, त्याचा आशय नेमका उलट आहे. येशू सांगतो की उपास करताना तोंड सुकलेले दाखवू नका, डोक्याला तेल लावा, चेहरा धुवा, तुमचा उपास देवाखेरीज कुणाला कळू देऊ नका. हे ऐकायचे आणि बाहेर येऊन फोटो काढायचा! ती राख तरी कशाची असते? गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात नाचवून जयघोष केला, त्याच जाळून ती करतात. आमच्याकडे त्या बहुधा शिंदीच्या असतात. वर्षभर घरात क्रूसामागे खोचलेली हिरवी झावळी वाळते, पिवळी पडते, आणि शेवटी राख होऊन कपाळावर येते. जयघोषाचे आयुष्य किती, ते यावरून कळावे. तू मातीचा आहेस, याची ती आठवण. मातीने फोटो कशासाठी काढायचा?

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, जी आपल्या सर्वच धर्मांच्या घरांना लागू आहे. उपास घरातल्या कर्त्या माणसाचा आणि कष्ट घरातल्या बाईचे. माझ्या वडिलांनी चाळीस दिवस मांस सोडले की आईला रोज दोन भाज्या जास्त कराव्या लागत. कारण नुसत्या वरणाने त्यांचे भागत नसे. वडिलांच्या त्यागाचे चर्चमध्ये कौतुक होई. आईच्या चुलीची धग कुणी मोजली नाही. उपवासाने घरातल्या एका माणसाचे काम वाढत असेल तर तो उपवास त्या माणसाच्या खात्यावर टाकला पाहिजे. मी गेली काही वर्षे शुक्रवारचा स्वयंपाक स्वतः करतो. पत्नी म्हणते, घरातला खरा प्रायश्चित्तकाळ तो, कारण ते जेवण सगळ्यांना जेवावे लागते.

पण आईने त्या दोन भाज्यांच्या काळातही एक गोष्ट सोडली नव्हती. स्वयंपाकघराच्या फळीवर डालड्याचा एक जुना डबा असे. उपवासकाळात ज्या वेळचे जेवण कुणी टाळले त्या वेळचे तांदूळ किंवा ज्वारी ती मोजून त्या डब्यात टाकी. मटण आणले नाही त्या दिवशीचे पैसे एका रुमालात बांधून त्याच डब्यात. ईस्टरच्या आदल्या दिवशी डबा रिकामा व्हायचा. कुणाच्या घरी, हे तिने आम्हाला कधी सांगितले नाही. मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बायका प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यावर तिथल्या चर्चची कितीतरी कामे उभी राहिली, हे मी पुष्कळ नंतर वाचले. आपल्याकडेही मुष्टिफंड होतेच. आईने यांतले काही वाचलेले नव्हते. तिचे म्हणणे साधे होते: "आपण खाल्लं नाही आणि ते डब्यातच राहिलं, तर ती बचत झाली. उपास कसला?"

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अठ्ठावन्नाव्या अध्यायात, लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास करतो तरी तू पाहत का नाहीस. त्यावर देवाचे उत्तर असे की, तुम्ही उपासाच्या दिवशीही आपल्या मजुरांना राबवता आणि भांडता, मला हवा असलेला उपास वेगळा आहे. जोखडात अडकलेल्याला मोकळे करा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, उघड्याला वस्त्र द्या. आईकडे जुने मराठी बायबल आहे, पत्नीकडे फादर दिब्रिटोंचे सुबोध बायबल. दोन्हींत भाषा निराळी, अर्थ हाच. म्हणून माझे मत असे बनले आहे की उपवासाला पत्ता असला पाहिजे. ताटातून काढलेला घास कुठल्या ताटात गेला, हे सांगता आले पाहिजे, निदान स्वतःला तरी. कारितास इंडियासारख्या संस्था उपवासकाळात भुकेविरुद्ध मोहीम चालवतात, ती याच विचाराने. ज्या विदर्भात कितीतरी घरांत महिनाअखेरीला न मागता एकादशी येते, तिथे पोटभर खाणाऱ्याने हौसेने उपाशी राहावे आणि उरलेले पुन्हा आपल्याच फ्रिजमध्ये ठेवावे, यात देवाला काय पोचते?

आता माझ्याविषयी. मी दरवर्षी उपवासकाळात चहा सोडतो. नागपूरचा माणूस सकाळी तर्री-पोहे खाऊन वर चहा घेणार नाही म्हणजे त्याची तब्येत बरी नाही असे लोक समजतात. तेव्हा हा त्याग लहान नाही, असे मी मानत आलो. पण मी आणखीही एक गोष्ट सोडली होती, आणि ती चाळीस दिवसांसाठी नव्हे. धाकट्या भावाशी बोलणे. सदरमधले वडिलांचे कौलारू घर विकण्यावरून आमचे बिनसले. कोण काय बोलले हे आता सांगण्यात अर्थ नाही. दोघेही पुष्कळ बोललो आणि मग अकरा वर्षे काहीच बोललो नाही. एका शहरात राहून. नाताळात तो मागच्या बाकावर बसे, मी पुढच्या. आईला भेटायला तो यायचा तेव्हा मी बाजारात जायचो.

धुळवडीचा तो डबा परत करण्यावरून वाद झाला त्या संध्याकाळी आईने मला जवळ बसवले. "यंदाही चहा सोडलास?"

"हो."

"चहानं तुझं काय वाकडं केलं रे बाबू?" आणि थोड्या वेळाने, "तुम्ही सगळे एकमेकांना विचारता, लेंटला काय सोडलं, काय सोडलं. आपल्या भाषेत उपास सोडत नाहीत, धरतात. सोडला की संपला. तू धरलंस काय, ते सांग."

मी इतकी वर्षे प्रवचने ऐकली, पुस्तके वाचली. पण मराठीतल्या या दोन क्रियापदांकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने सांगितलेली एक गोष्ट मला पाठ आहे. त्याचा अर्थ असा की, वेदीपाशी दान घेऊन आला असाल आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. चूक कुणाची, असे तिथे विचारलेले नाही. भावाच्या मनात काही असेल तर, एवढेच आहे. हे वाक्य मी अकरा वर्षे सोयीने वगळत आलो होतो. शेजारणीने प्रेमाने आणलेला डबा नाकारण्याइतका मी नियमाला पक्का, आणि हा नियम मला दिसत नव्हता.

ते दिवस विलक्षण होते. २ मार्चला रोजे सुरू झाले होते, ५ मार्चला आमचा राखेचा बुधवार. ३० मार्चला गुढ्या उभ्या राहिल्या, ३१ ला ईद झाली. १३ एप्रिलला आम्ही झावळ्या घेऊन चर्चला गेलो आणि दुसऱ्या दिवशी १४ एप्रिलला दीक्षाभूमीकडे निळ्या झेंड्यांची रीघ लागली. सारे शहर कसले ना कसले व्रत, कसली ना कसली आठवण जागवत होते. मी मात्र फोन हातात घेत होतो आणि खाली ठेवत होतो. चहावाचून चाळीस दिवस काढणाऱ्याला एक नंबर फिरवता येईना.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी झाला. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्यात त्याला धरून देणारा यहूदाही होता. घरी येऊन मी फोन लावला.

"हां, बोल," तिकडून आवाज आला. अकरा वर्षांनी.

मी म्हटले, "आईचं ब्लड प्रेशर वाढलंय थोडं." तो म्हणाला, "गोळी बदलली का?" मग उन्हाविषयी बोललो. त्याचा कूलर बिघडला होता, मिस्त्री मिळत नव्हता. मी माझ्या मिस्त्रीचा नंबर दिला. घराचा विषय त्याने काढला नाही, मी काढला नाही. चार मिनिटांत बोलणे संपले.

समेट झाला, असे मी म्हणणार नाही. हिशेब अजून बाकी आहेत आणि काही शब्द असे आहेत की ते परत घेता येत नाहीत. पण शुभ शुक्रवारी दुपारी क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना चालू असताना तो आला आणि आमच्या बाकावर, आईच्या पलीकडे बसला. तीन वाजता आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर डांबर मऊ झाले होते. घरी पत्नीने ज्वारीची आंबील केली होती. आईने दोघांनाही आपल्या हाताने वाढली आणि स्वतः खाल्ली नाही. म्हणाली, "माझा उपास अजून धरलेला आहे. उद्या सोडीन."

ईस्टरच्या सकाळी वहिनींचा कडीचा डबा परत द्यायचा होता. डबा रिकामा परत देऊ नये, ही रीत आमच्यातही आहे. पत्नीने त्यात केकचे तुकडे आणि साखरेची रंगीत अंडी भरली. या वेळी तो घेऊन मी स्वतः गेलो. वहिनींनी विचारले, "सुटले का भाऊजी उपास?"

"सुटले," मी म्हटले. "आणि वहिनी, पुढच्या धुळवडीला डबा नक्की आणा. शुक्रवार असला तरी."